वाचक विचारतात : काचेच्या बाटलीवरचे न दिसणारे थर

बाटलीच्या अंगावर कारखान्यातच दोन थर चढतात. एक टिन ऑक्साइडचा, भट्टीच्या बाजूला, बाटली गरम असताना. त्याला हॉट एंड म्हणतात. दुसरा पॉलिएथिलीनच्या मेणाचा, लेहरमधून (बाटली सावकाश निववणाऱ्या लांब भट्टीतून) बाटली बाहेर पडताना. तो कोल्ड एंड. थर किती निसरडा आहे ते घसरकोनावरून कळते : दोन आडव्या बाटल्यांवर ठेवलेली तिसरी बाटली जेवढ्या उताराला घसरते तो कोन. या थरांविषयी आलेल्या काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कोल्ड एंडचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले मेण) आम्ही जवळजवळ दुप्पट केले, तरी बाटल्यांचा घसरकोन १८-२० अंशांखाली येत नाही. भरणीच्या लाइनवर चरे पडतात अशी ग्राहकाची तक्रार आहे. आणखी किती वाढवावे? (गुणवत्ता विभाग, सिन्नर)

वाढवू नका. उलट आधीच्या प्रमाणावर परत या आणि फवाऱ्याच्या जागी बाटलीचे तापमान मोजा. या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा टाकीत नसते, तापमानात असते.

पॉलिएथिलीनचे इमल्शन साधारण १०० ते १३० अंश सेल्सिअसच्या काचेवर नीट बसते. काच १५० च्या वर असेल तर थेंब टेकताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते. थेंब तडतडून उडतो आणि मेण काचेवर राहण्याऐवजी हवेत जाते. काच ८० च्या खाली असेल तर पाणी वेळेत उडत नाही, ओघळ येतात, वाळल्यावर पांढरट ठिपके दिसतात आणि ठिपक्यांच्या मधली काच कोरडीच राहते. दोन्ही वेळा कोन चढा येतो. म्हणून ठिपके आहेत की नाहीत हे बाटली दिव्यासमोर धरून आधी पाहा. ठिपके दिसले तर काच थंड आहे. ठिपके नाहीत, पण फवारा सुरू असताना बाटल्यांवर वाफ उसळते, तर काच जास्त गरम आहे.

तापमान मोजताना एक चूक हमखास होते. इन्फ्रारेड बंदूक दोन रांगांमधल्या फटीवर रोखली जाते आणि आकडा येतो पट्ट्याचा. बंदूक बाटलीच्या पोटावर, जवळून धरा आणि तिच्यावरचा उत्सर्जकतेचा (एमिसिव्हिटी) आकडा ०.९ च्या आसपास ठेवा. पट्ट्याच्या डाव्या कडेची, मधली आणि उजव्या कडेची बाटली वेगवेगळी मोजा. कडेच्या बाटल्या मधल्यांपेक्षा २०-३० अंशांनी थंड निघाल्या तर लेहरच्या टोकाशी वारा कुठून शिरतो ते शोधा. थंडीच्या रात्री शटर उघडे राहिले तरी एवढा फरक पडू शकतो.

तापमान ठीक असेल तर फवाऱ्याच्या बंदुकीकडे वळा. ती पट्ट्याच्या आडव्या तुळईवर इकडून तिकडे फिरते आणि फवारा दोन रांगांच्या मधल्या गल्लीत, बाटलीच्या तोंडाच्या पातळीखाली पडायला हवा. रांगा वाकड्या असतील तर बाटलीच्या एका बाजूला दाट थर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी गत होते. एकाच बाटलीचा कोन दर ९० अंशांनी फिरवून घेतला की हे लगेच कळते. तोंडाच्या वर फवारा गेला तर इमल्शन बाटलीत उतरते. असा माल बाजूला काढावाच लागतो.

टाकीचे म्हणाल तर साधारण १०० लिटर पाण्यात १ लिटर इमल्शन ही सुरुवात धरा, पण पुरवठादाराच्या पत्रकातले प्रमाण वरचढ. पाणी क्षारमुक्त किंवा निदान मृदू केलेले हवे. बोअरच्या जड पाण्यात इमल्शन दह्यासारखे फाटते आणि ती गुठळी नोझलमध्ये अडकते. आधी पाणी, मग इमल्शन, आणि हळू ढवळणे. जोरात ढवळले तर फेस होतो.

एवढे करून कोरड्या बाटलीचा कोन १० पर्यंत आला आणि तरीही चरे थांबले नाहीत, तर दोष हॉट एंडचा आहे. पॉलिएथिलीन उघड्या काचेला धरत नाही, टिन ऑक्साइडला धरते. खालचा थर विरळ असेल तर वरचे मेण पहिल्या काही घासण्यांतच निघून जाते. उलट नुसते टिन ऑक्साइड असलेल्या दोन बाटल्या एकमेकींवर घासल्या तर किर्रर्र आवाज येतो आणि त्या एकमेकींना धरून बसतात. दोन्ही थर नीट असलेल्या बाटल्या आवाज न करता निसटतात. दोघांपैकी एकाला वाढवून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

प्रश्न : आमच्या बाटल्यांवर क्राउन (पत्र्याचे बूच) बसवल्यावर पावसाळ्यात गोदामात क्राउनच्या कडेखाली गंज धरतो. क्राउन पुरवणारा म्हणतो, दोष बाटलीचा. खरे काय? (पेय भरणी व्यवसाय, नाशिक)

क्राउनचे लाखेचे अस्तरही तपासा, पण पुरवठादाराचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. बाटलीच्या तोंडावर टिन ऑक्साइड जास्त असेल आणि दमट हवेत तिथे ओल राहिली, तर पत्रा आणि तो थर यांच्यात विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. झळ पत्र्याला बसते.

हा थर येतो कसा ते पाहिले म्हणजे उपाय उमगतो. बाटली घडवणाऱ्या आयएस मशीनमधून निघालेली बाटली साधारण ५०० ते ६०० अंशांवर असताना लेहरच्या आधी एका हूडमधून जाते. हूडच्या दोन्ही भिंतींतल्या फटींतून टिनच्या संयुगाची, बहुधा मोनोब्युटिल टिन ट्रायक्लोराइडची, वाफ बाटलीवर येते आणि गरम काचेवर टिन ऑक्साइडचा थर जमतो. तो इतका पातळ असतो की मीटरवर सीटीयू (कोटिंग थिकनेस युनिट) या एककात मोजतात. अंगावर ३० ते ५० सीटीयू हवे. म्हणजे साधारण १० नॅनोमीटर. तोंडावर मात्र जमेल तितके कमी. म्हणूनच फटींची उंची तोंडाच्या खाली ठेवतात आणि चांगल्या हूडमध्ये तोंडावर वरून स्वच्छ हवेचा झोत असतो.

घोळ होतो तो जॉब, म्हणजे बाटलीचा प्रकार, बदलताना. आधीच्या उंच बाटलीसाठी बसवलेला हूड तसाच राहतो, नवी बाटली दोन सेंटिमीटर बुटकी असते आणि वाफ थेट तोंडावर जाते. तुमच्या बाटली पुरवठादाराकडे तोंडाचे आणि अंगाचे सीटीयू वेगवेगळे मागा, जॉब बदलल्यानंतरच्या पहिल्या तासाचे तर आग्रहाने मागा. अंगावरचा आकडा फारच वर गेला तर बाटलीवर तेलाच्या तवंगासारखे सप्तरंग दिसू लागतात. हा जास्त थराचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

कारखान्यातल्या मंडळींसाठी एक जोड. या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. हूडच्या फटींत पांढरी भुकटी साठली की झोत एका बाजूला वळतो आणि वाफ बाहेर, माणसांच्या घशात जाते. फटी दर पाळीला साफ करा, निकासाची हवा अल्कधर्मी स्क्रबरमधून (हवा धुणाऱ्या यंत्रातून) न्या. पूर्वी सर्रास वापरले जाणारे टिन टेट्राक्लोराइड दमट हवेत इतका धूर करते की पहिल्या महायुद्धात त्याचा धुराचा पडदा उभारायला उपयोग केला गेला. टिनची वाफ वाहून नेणारी हवा कोरडी ठेवायची ती त्यासाठी.

प्रश्न : लेबल चिकटत नाही, कडा उचलल्या जातात. गोंद बदलून पाहिला. (सरबत उद्योग, कुडाळ)

कोल्ड एंड जास्त झाला असावा. रिकाम्या, कोरड्या बाटलीवर लेबलच्या जागी पाण्याचे थेंब टाका. टपोरे गोल राहिले तर मेण दाट आहे. पक्की खात्री हवी असेल तर तशाच बाटलीच्या त्या भागावरून गॅसच्या बर्नरची ज्योत दोनतीन वेळा झरकन फिरवा, बाटली निवू द्या आणि लेबल लावा. आता चिकटले तर गोंद निर्दोष. भरलेल्या बाटलीवर हा प्रयोग करू नका. बाटली गार असून तिला घाम सुटत असेल तर मात्र आधी तोच दोष दूर करा.

प्रश्न : यंत्र न घेता आलेल्या मालाचा घसरकोन तपासता येईल का? (तेच वाचक)

येईल. ६० सेंटिमीटर लांबीची सपाट फळी घ्या, एका टोकाला बिजागरी लावा. दोन बाटल्या फळीच्या लांबीत, एकमेकींना चिकटून आडव्या ठेवा आणि खालच्या टोकाला पट्टी ठोकून त्यांना अडवा. तिसरी बाटली त्यांच्यामधल्या खाचेत ठेवा. ती मोकळी असावी, पट्टीला टेकलेली नको. फळीचे मोकळे टोक हळू, एकसारखे उचला. वरची बाटली सुटली की त्या टोकाची उंची मोजा. १०.४ सेंमी म्हणजे १० अंश, १५.५ म्हणजे १५, आणि ३० सेंमी म्हणजे ३० अंश. थर नसलेली काच ३० च्या आसपास जाते. १० ते १२ पर्यंत सुटली तर माल चांगला. ६-७ ला सुटली तर लेबलची काळजी करा, म्हणजे तुमचा आधीचा प्रश्न. बाटल्या तोंडाला धरून उचला आणि हातमोजे घाला, कारण बोटांचा तेलकटपणाही कोन खाली आणतो. एका खोक्यातल्या निदान पाच जोड्या तपासा.

प्रश्न : परत आलेल्या सोड्याच्या बाटल्यांवर घासून पांढरे कडे (गोल पट्टा) पडले आहे. पुन्हा थर देता येईल का? (कोल्हापूर)

हॉट एंड नाही. त्यासाठी बाटली पुन्हा भट्टीच्या तापमानाला न्यावी लागेल. कडे झाकणारे फवारे मिळतात. ते धुतलेल्या, वाळलेल्या बाटलीवर खांद्याशी आणि तळाशी, जिथे बाटल्या घासतात तिथेच मारायचे. चर भरल्यामुळे कडे दिसत नाही आणि पुढचे घासणे कमी होते. पण चरा पडल्याने गेलेली ताकद परत येत नाही. कॉस्टिकच्या गरम धुण्यात हा फवारा निघून जातो, म्हणून दर फेरीला पुन्हा मारावा लागतो. ज्या बाटलीच्या कड्यावरून नख फिरवल्यावर अडकते, ती दाबाच्या पेयासाठी वापरू नका, भंगारात घाला.