‘मी ढोंगी आहे, बायबल अभ्यास सोडून देऊ का?’

समुपदेशनासाठी येणारे विश्वासणारे एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. कोणी म्हणते, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी एक असतो आणि घरी दुसराच. कोणी म्हणते, बायबलमधल्या वचनावर बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटू लागला आहे. बहुतेकांनी मनात उत्तर ठरवलेले असते, ते म्हणजे अभ्यासगटात जाणे थांबवावे आणि आधी स्वतःला सुधारावे. या उत्तरापाशी आलेल्या एका बाईंचा अनुभव मी त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

बाई पन्नाशीच्या होत्या आणि बॅप्टिस्ट मंडळीच्या जुन्या सभासद होत्या. नऊ जणांचा बायबल अभ्यासगट अकरा वर्षे दर आठवड्याला त्यांच्याच घरी जमत असे. त्यांची वृद्ध आई त्यांच्याजवळ राहत होती. आईला स्मृतिभ्रंश झाला होता, आणि ‘किती वाजले?’ हा प्रश्न ती दर पाच-दहा मिनिटांनी विचारत असे. त्या संध्याकाळी गटासमोर याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय होता. घोड्याच्या तोंडातला लगाम, तारवाचे लहानसे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, आणि ज्या जिभेने देवाची स्तुती करायची तिनेच देवाच्या प्रतिरूपाला, म्हणजे माणसाला, शाप द्यायचा ही विसंगती, हे सारे बाईंनी फार चांगले उलगडून सांगितले. मध्येच आतल्या खोलीतून आईची हाक आली. बाई आत गेल्या आणि दबक्या पण धारदार आवाजात म्हणाल्या, “किती वेळा सांगायचे? गप्प पडून राहा. चार माणसांत मला लाज आणू नकोस.” मग बाहेर येऊन त्यांनी समाप्तीची प्रार्थना केली. आतले शब्द सर्वांनी ऐकले असणार याची त्यांना खात्री होती. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री त्यांनी ठरवले की गट दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जमावा, आणि आपण जाऊ नये.

पहिल्या भेटीत मी शास्त्राकडे वळले नाही, झोपेबद्दल विचारले. गेले कित्येक महिने आई रात्री तीन-चार वेळा उठत होती आणि बाईंना सलग झोप अशी मिळतच नव्हती. आईचा गोंधळ अलीकडे एकाएकी वाढला आहे, असेही त्यांच्या बोलण्यात आले. वृद्धांमध्ये असा बदल अचानक दिसला तर त्यामागे एखादा संसर्ग किंवा औषधाचा परिणामही असू शकतो, म्हणून डॉक्टरांना लवकर दाखवा, हे मी त्यांना प्रथम सांगितले. आईवर कधी हात उगारला गेला आहे का, हे मी सरळ विचारले, आणि दुसऱ्या भेटीत वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारले. समोरचा माणूस कितीही देवभीरू असला तरी हा प्रश्न गाळता येत नाही, कारण आतल्या खोलीतल्या व्यक्तीच्या वतीने तो विचारणारे तेथे दुसरे कोणी नसते. तसे काही घडले नव्हते. तरी राग अनावर होऊ लागला तर आई सुरक्षित आहे एवढे पाहून काही मिनिटे खोलीबाहेर जायचे, असे आम्ही ठरवून ठेवले.

मी थकव्याबद्दल बोलत असताना बाईंनी मला थांबवले. त्या म्हणाल्या, “थकवा आहे म्हणून मला सोडून देऊ नका. तितकीच थकलेली असताना बाहेर बसलेल्यांशी मी गोड बोलतेच ना.” हे वाक्य मी विसरलेले नाही. ख्रिस्ती समुपदेशनात दोन्ही बाजूंना घसरण आहे. झोपेविना पिचलेल्या माणसाला केवळ पश्चात्ताप करायला सांगणे ही निर्दयता होय; आणि ज्याला आपले पाप दिसते आहे त्याला ‘ते पाप नव्हे, ताण आहे’ असे समजावून घरी पाठवणे ही त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीची उपेक्षा होय.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसरे वचन एकमेकांची ओझी वाहायला सांगते, आणि तीनच वचने पुढे, पाचव्यात, प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हटले आहे. अनेकांना येथे विरोध दिसतो. मूळ ग्रीकमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द आहेत: पहिल्याचा रोख एकट्याला चिरडून टाकील अशा वजनाकडे आहे आणि दुसऱ्याचा ज्याने त्याने उचलायच्या गाठोड्याकडे. मी बाईंना एका कागदावर दोन रकाने करायला सांगितले. रात्रीची जागरणे, औषधांच्या वेळा, घराबाहेर एकही तास न मिळणे, हे सारे पहिल्या रकान्यात गेले. ‘लाज आणू नकोस’ हे शब्द त्यांनी स्वतःच दुसऱ्या रकान्यात लिहिले. अकरा वर्षे घरी येणाऱ्या आठ माणसांना आपण पहिल्या रकान्यातले काही उचलू शकतो याची कल्पनाही नव्हती, कारण बाईंनी ते कधी बोलूनच दाखवले नव्हते.

मग ढोंगाचा प्रश्न उरला. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू ज्याला ढोंग म्हणतो ते दुर्बळपणाचे नाव नव्हे. ग्रीकमध्ये तो शब्द रंगमंचावरच्या नटासाठीही वापरला जात असे. म्हणजे आतले झाकून बाहेरचे दाखवणे. मी त्यांना शक्य तितक्या हळुवारपणे म्हटले की तुमचे ढोंग आईवर रागावण्यात नव्हते. बाहेर येऊन काहीच न घडल्यासारखी प्रार्थना म्हणण्यात होते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मी पुढे सांगितले की अंत्युखियात पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंक्तीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्या वागण्याला ढोंगच म्हटले आणि तेही सर्वांदेखत. परंतु पेत्राने सेवा सोडावी असे त्याने सुचवल्याचे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कोठेही नाही. त्याने मागितले ते एवढेच, की पेत्राने सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालावे. गट सोडल्याने बाईंचे झाकणे थांबले नसते, उलट त्याला आणखी जाड पडदा मिळाला असता.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना गटातला एखादा अभ्यास जसाच्या तसा सांगायला लावला. क्षमेवरचा अभ्यास त्यांना आठवत होता. ‘आपण सर्वांनी क्षमा करायला हवी’, ‘आपण फार लवकर दुखावले जातो’, ‘आपल्याला नम्रता शिकायची आहे’, अशी वाक्ये त्या सांगत गेल्या. मी विचारले, “कोणी ‘मी’ म्हणाले का?” त्यांना एकही प्रसंग आठवेना. ‘आपण’ हा आपल्या भाषेतला फार मायाळू शब्द आहे, तो ऐकणाऱ्यालाही कवेत घेतो. पण अभ्यासाला बसलेल्या गटात त्याच्याआड लपणे अतिशय सोपे जाते. ‘आपण क्षमा केली पाहिजे’ या वाक्यात कोणी कोणाला, कशाबद्दल आणि केव्हा, यांपैकी काहीच नसते.

हे बॅप्टिस्ट परंपरेत घडावे याचे मला विशेष वाईट वाटते. या मंडळ्यांत बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. ज्याने स्वतः विश्वास ठेवला आहे तो मंडळीसमोर आपली साक्ष देतो आणि मग त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. त्या साक्षीत ‘आपण’ चालत नाही. माझे पाप, माझा तारणारा, माझा निर्णय, असेच बोलावे लागते. बाईंना त्यांची साक्ष आठवत होती. सतरा वर्षांच्या असताना त्यांनी घरातून पैसे चोरल्याचे तिच्यात सांगितले होते. त्यानंतरच्या तीन दशकांत मंडळीतल्या कोणापाशीही आपण इतके नेमके काही बोललो नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले.

मंडळीतल्या सामान्य सभासदांनी वचनावर बोलावे ही चाल तर या परंपरेच्या जन्मापासूनची आहे. जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस या पहिल्या बॅप्टिस्ट पुढाऱ्यांबरोबर अ‍ॅमस्टरडॅममध्ये आश्रयाला आलेल्या इंग्रज मंडळीतल्या ह्यू आणि अ‍ॅन ब्रोमहेड या दांपत्याचे १६०९ च्या सुमाराचे एक पत्र उपलब्ध आहे. सकाळी आठ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच-सहा अशी त्यांची उपासना चाले. आधी एक-दोन अध्याय वाचून त्यांवर बोलणे होई, मग पुस्तके बाजूला ठेवून एकामागून एक असे चार-पाच जण वचनावर बोलत, आणि अगदी शेवटी मंडळीच्या शिस्तीचा व कारभाराचा विषय निघे. मला या क्रमातले शेवटचे टोक महत्त्वाचे वाटते. वाचलेल्या वचनापासून निघालेला दिवस माणसांच्या प्रत्यक्ष वागण्यापाशी येऊन पोहोचत असे. आजचे अनेक गट वाचतात आणि बोलतात. त्या शेवटच्या टोकाआधीच प्रार्थना करून उठतात.

बाईंनी प्रथम काय करावे यावर आम्ही पुष्कळ बोललो. त्यांची अडचण खरी होती. “जिला काही आठवतच नाही तिची क्षमा कशी मागायची? मला मोकळे वाटावे म्हणूनच ना ते?” मी म्हटले की तुम्ही केलेले तिच्या स्मरणावर अवलंबून नाही; मात्र तिला घाबरवू नका, फार स्पष्टीकरण देऊ नका आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. पुढच्या भेटीत त्यांनी जे सांगितले ते मला सुचले नसते. त्यांनी आईचा हात धरून “माझे चुकले” एवढेच म्हटले, आणि आईने विचारले, “काय चुकले?” समोरच्याला आठवत असते तेव्हा दोन शब्दांत भागते. येथे तसे नव्हते. आपण काय बोललो होतो ते बाईंना आईसमोर एकेक शब्द उच्चारून सांगावे लागले. आई थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिने किती वाजले ते विचारले. बाईंनी वेळ सांगितली.

त्यानंतर गटातल्या एका वयाने मोठ्या बाईंना त्या एकट्या भेटल्या. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले सोळावे वचन आपली पापे एकमेकांजवळ कबूल करायला सांगते. पण याचा अर्थ प्रत्येक गोष्ट प्रत्येकासमोर मांडावी असा मी घेत नाही, आणि प्रत्येक विश्वासणारा देवापुढे याजक आहे असे मानणाऱ्या मंडळीत ऐकून घेणारी व्यक्ती पाळकच असली पाहिजे असेही नाही. त्या मोठ्या बाईंनी सांगितले की ते शब्द सर्वांनी ऐकले होते आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सारे गप्प राहिले. या सौजन्याने बाईंना आठ आठवडे एकटे ठेवले होते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली ‘एकांतात जाऊन भेट’ ही आज्ञा आपण मोठ्या अपराधांसाठी राखून ठेवतो. एका थकलेल्या बहिणीच्या दारात उभे राहून ‘मी काय करू?’ असे विचारण्यासाठीही ती पुरेशी आहे.

गटप्रमुखांनी बाईंच्या संमतीने मला भेटून विचारले, आणि आम्ही एकच बदल ठरवला. शेवटची वीस मिनिटे पुस्तके मिटायची आणि ज्याला बोलायचे असेल त्याने फक्त ‘मी’ वापरून बोलायचे: या आठवड्यात, कोणाशी, काय. सक्ती नाही, आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्लाही नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळ शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यात चौघांनी ‘मी प्रार्थनेत कमी पडतो’ असे सांगितले; ही कबुली मी इतक्या गटांत ऐकली आहे की ती लपण्याची सर्वांत सुरक्षित जागा असावी असे मला वाटते. तिसऱ्या आठवड्यात एकाने भावाशी दोन वर्षे बोलणे नसल्याचे सांगितले, आणि मग हळूहळू बाकीचे बोलू लागले.

गुप्ततेचा नियम मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट केला होता. येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, ‘प्रार्थनेसाठी विनंती’ म्हणूनही नाही, कारण मंडळीत चहाडी बहुधा याच वेषात फिरते. अपवाद एकच: कोणाला मारहाण होत असेल, कोणाचे शोषण होत असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर ते लपवायचे नाही, योग्य ठिकाणी मदत मागायची, आणि तसे करणार असल्याचे शक्य असेल तेथे त्या व्यक्तीला सांगायचे.

पहिल्या रकान्यातल्या ओझ्यांपैकी आठवड्यातून दोन दुपारी गटाने उचलल्या. दोघे जण आईजवळ बसतात आणि बाई झोपतात. डॉक्टरांनी आईचे एक औषध बदलल्यावर रात्रीचे उठणे कमी झाले, थांबलेले नाही. गट अजून त्यांच्याच घरी जमतो. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या की या महिन्यात त्या आईवर दोनदा ओरडल्या. दोन्ही दिवस त्यांना आठवत होते, दोन्ही वेळा काय बोलल्या तेही आठवत होते, आणि दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी त्यांनी त्या मोठ्या बाईंना फोन केला होता. पुढची भेट आम्ही दोन महिन्यांनी ठेवली आहे.