बिनमोटरच्या हँडहेल्ड स्टॅबिलायझरचा तोल नीट कसा साधायचा? चालताना कॅमेरा झोके खातो

तुम्ही म्हणताय की स्टॅबिलायझर धरून नुसतं उभं राहिलं तर कॅमेरा सरळ राहतो, पण चालायला लागलं किंवा थांबलं की झोके खातो. म्हणून खाली वजनाच्या आणखी चकत्या लावल्या, तर झोके वाढलेच. उत्तर त्यातच आहे. तुमचा स्टॅबिलायझर खालून गरजेपेक्षा जड झालाय.

मुठीच्या वर जो सगळीकडे फिरणारा सांधा असतो, तो गिंबल. कॅमेरा, दांडा आणि चकत्या या सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य या गिंबलच्या जेमतेम खाली हवा, अगदी काही मिलिमीटर. तो जास्त खाली गेला की यंत्राचा लोलक होतो. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा गिंबल पुढे जातो, खालचं वजन मागे राहतं आणि फ्रेम कलते. थांबलात की उलटं. वजन वाढवलं की स्थिर होईल हा समज बहुतेकांचा असतो, आणि उभं असताना तो खराही वाटतो.

आता सगळ्या चकत्या काढून पहिल्यापासून सुरू करा. कॅमेरा शूटिंगला असेल तसाच तयार ठेवा: बॅटरी आणि कार्ड आत, लेन्सचं झाकण काढलेलं, स्क्रीन उघडी ठेवणार असाल तर उघडीच. गळ्यातला पट्टा काढाच, तो लोंबत असेल तर तोल कधीच टिकत नाही. झूम करताना बाहेर येणारी लेन्स असेल तर एक फोकल लेंग्थ (झूम किती ठेवायचा ते) ठरवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. शक्यतो वाइड ठेवा, त्यात बारीक हलणं कमी दिसतं.

टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा पुढे-मागे सरकवत तो कुठे तोलून राहतो ते बघा. तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. ती खूण दांड्याच्या बरोबर वर येईल असा कॅमेरा दांड्याच्या वरच्या टोकाच्या प्लेटवर बसवा. या दोन मिनिटांच्या कामामुळे पुढचा निम्मा वैताग वाचतो.

मग खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सारख्या चकत्या लावा आणि दांडा आडवा धरून सोडा. सरळ उभा व्हायला त्याला साधारण 2 ते 3 सेकंद लागले पाहिजेत. सेकंदाभरातच धाडकन खाली आला तर दोन्हीकडची एकेक चकती काढा, किंवा दांडा लांब-आखूड होत असेल तर थोडा आखूड करा. आडवाच राहिला किंवा कॅमेऱ्याकडूनच खाली गेला तर उलटं करा. या वेळेला ड्रॉप टाइम म्हणतात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा एकच आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यानंतर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा तोल. कॅमेरा ज्या बाजूला कलतो त्याच्या उलट दिशेला प्लेट केसभर सरकवायची. इथे एक चीड आणणारी गोष्ट घडते: स्क्रू आवळताना प्लेट किंचित सरकते आणि साधलेला तोल जातो. त्यामुळे निकाल नेहमी स्क्रू पूर्ण घट्ट केल्यावरच बघा. तसंच, ड्रॉप टाइम वाढवला की आधी न दिसलेला कल दिसू लागतो, कारण खालचं जास्तीचं वजन तो कल दाबून ठेवत होतं. म्हणजे दोन्ही गोष्टी आलटून पालटून दोन-तीनदा कराव्याच लागतात.

चकत्या खालच्या पट्टीच्या मध्याजवळ न लावता टोकांना लावा. मध्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याच वजनाचा फिरण्याला होणारा विरोध चौपट होतो. त्यामुळे वजन न वाढवताही कॅमेरा डावी-उजवीकडे भरकटणं कमी होतं.

एवढं करूनही फ्रेम वर-खाली उसळताना दिसली तर तोलाला दोष देऊ नका. गिंबल फक्त कलणं आणि वळणं अडवतो. पावलागणिक बसणारा उभा हिसका तो अडवू शकत नाही. मोठ्या स्टेडिकॅममध्ये, म्हणजे अंगावर बांधायच्या स्टॅबिलायझरमध्ये, अंगावरच्या जाकिटाला स्प्रिंगचा हात जोडलेला असतो तो त्याचसाठी. तुमच्याकडे ते काम गुडघे आणि कोपर करणार, तेव्हा गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चाला आणि कोपर ताठ धरू नका. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गिंबलच्या लगेच खाली दांड्याला नुसती टेकवायची, फक्त दिशा देण्यापुरती. तिथे दांडा पकडलात की हाताचा सगळा थरकाप थेट कॅमेऱ्यात जातो, मग तोल कितीही अचूक असो.

पुढे कधी मोटरवाला गिंबल (मोटरींनी कॅमेरा सरळ ठेवणाऱ्या अख्ख्या यंत्रालाही गिंबलच म्हणतात) घेतलात तरी यातून सुटका नाही. त्याचाही तोल मोटर बंद ठेवूनच साधायचा. कॅमेरा ज्या कोनात सोडाल तिथेच थांबायला हवा, नाहीतर मोटरी सतत जोर लावत बसतात, गुणगुणतात आणि बॅटरी लवकर संपते.

तोल जमला की प्लेटच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारा आणि चकत्यांची संख्या टिपून ठेवा. दुसरी लेन्स लावलीत तर तिची रेघ वेगळ्या रंगाने.