तिजोरी परक्याच्या हाती जाते म्हणजे नेमकं काय होतं

प्रश्न असा आलाय: "कर्ज फिटेना झालं की सावकार देश कर्जदाराचं सरकारच चालवायला घेतो का? ग्रीस, श्रीलंकेचं ऐकून आहे. आपल्या मराठवाड्यात असं कधी झालंय का? आणि 1991 साली भारताचंही तेच झालं म्हणतात, खरं का?"

मराठवाड्यात झालंय. धाराशिवकरांना तर उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

सावकाराला कारभाराची हौस नसते, वसुलीची खात्री हवी असते. आपला ऊस कारखान्याला गेला की बिलातून सोसायटीची कपात आधी होते आणि उरलेलं खात्यावर पडतं, तसला हा व्यवहार. 1881 साली ऑटोमन तुर्कस्तानात परकीय सावकारांच्या प्रतिनिधींचं कर्ज प्रशासन बसलं. मीठ, मुद्रांक, दारू, मासळी, रेशीम यांचं उत्पन्न परस्पर तिकडे जाऊ लागलं. पुढे पुढे तर त्याची नोकरमंडळी सरकारच्या अर्थखात्याहून जास्त झाली. ग्रीसनं 1893 ला दिवाळं काढलं, 1897 ला तुर्कांकडून मार खाल्ला, आणि 1898 पासून सहा बड्या सत्तांचा आयोग मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, पत्त्यांचे कॅट यांच्या मक्त्याचा पैसा ताब्यात घेऊ लागला. इजिप्तची गोष्ट याहून वाईट. 1876 ला कर्जनिधी मंडळ आलं आणि 1882 ला इंग्रज फौजच उतरली.

आता आपल्याकडे या. निजामाच्या दरबाराला उधळपट्टी आणि पामर कंपनी या सावकारी पेढीचं जबर व्याज नडलं, हे खरंच आहे. सगळं खापर इंग्रजांवर फोडू नका. 1820 च्या दशकात रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, मेटकाफ यानं जिल्ह्यांच्या वसुलीवर गोरे अधिकारी देखरेखीला बसवले होते. 1829 ला नासिरुद्दौला गादीवर आला आणि त्यानं ते काढायला लावले. पण खरा फास होता कंटिंजंट फौजेचा. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई, इथल्या छावण्या तिच्याच. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. इंग्रजांशी झालेल्या 1800 च्या तहात फौज द्यायची होती ती लढाईच्या वेळी, शांततेत कायमची पोसायचं कुठं ठरलं होतं, असा निजामाचा सवाल होता, आणि माझ्या मते तो रास्त होता. पण पगार थकत गेला, ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या पैशातून तो भागवत गेली आणि ते निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडत गेली. असं करत आकडा 50 लाखांच्या घरात गेला.

21 मे 1853 ला गव्हर्नर जनरल डलहौसीच्या दबावाखाली तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब (दोन नद्यांमधला मुलूख) कंपनीच्या कारभाराखाली गेले. दिवाण सिराजुल्मुल्क आठवडाभरात वारला आणि त्याचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. आपल्या भागाचा कारभार इंग्रज अधिकारी मेडोज टेलर नळदुर्गातून पाहू लागला. किल्ल्यावर पाणीमहाल बघायला जाता ना, तेच नळदुर्ग. मुलूख नावानं निजामाचाच राहिला, वसुली मात्र इंग्रजांची. या पैशातून आधी फौजेचा पगार आणि कर्जाचं व्याज भागायचं. बारकाईनं वाचण्यासारखं पुढचं कलम आहे: रेसिडेंटनं दरवर्षी निजामाला जमाखर्चाचा खरा हिशेब द्यायचा आणि शिल्लक उरली तर त्याच्या हवाली करायची. कागदावर काय वाईट आहे? काहीच नाही.

1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याचं बक्षीस म्हणून 1860 ला नवा तह झाला. 50 लाखांचं कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर परत. लोकांना एवढंच आठवतं. त्याच तहात निजामानं वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा हक्क सोडून दिला. शिल्लक द्यायचं कबूल होतं, पण कारभारावर किती खर्च करायचा हे इंग्रजांच्या मर्जीवर. आता मुनीमही त्यांचाच, खर्चाचा धनीही तेच, मग शिल्लक कुठून उरणार? कर्ज तर माफ झालेलं, तरी वऱ्हाड काही सुटलं नाही. सालारजंगानं ते परत मिळावं म्हणून लंडनपर्यंत खटपट केली, उपयोग झाला नाही. 1902 ला व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला 25 लाखांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं. आणि ज्या फौजेपायी हे सगळं घडलं, ती कंटिंजंट 1903 ला हिंदुस्थानच्या लष्करात विरून गेली.

त्यामुळे मी कुठल्याही देशाचं वाचताना कर्जाचा आकडा नंतर बघतो. आधी बघतो ते हे, की वसुली कोणाच्या हातात आहे, खर्च कोण मंजूर करतो आणि हिशेब मागायचा हक्क कोणाकडे उरलाय. 2010 नंतरच्या ग्रीसमध्ये युरोपीय आयोग, युरोपची मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांची माणसं अथेन्सला येऊन पेन्शन, पगार, कर यांचे आकडे तपासायची. जकात नाक्यावर परका माणूस बसला नाही, पण पुढचा हप्ता हवा तर अमुक कायदा करा, असा दम होता. श्रीलंकेनं एप्रिल 2022 ला हप्ते थांबवले, मार्च 2023 ला नाणेनिधीनं सुमारे 3 अब्ज डॉलर मंजूर केले. तिथंही तोच प्रकार, करवाढ आणि वीजदरवाढ सरकारनं स्वतःच्या सहीनं केली.

1991 चं म्हणाल तर ते या रांगेत बसत नाही. सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण टाकून 40 कोटी डॉलरच्या आसपास उचलले, रुपया दोनदा उतरवला, नाणेनिधीच्या अटीही मानल्या. पण अर्थसंकल्प मनमोहन सिंगांनी लोकसभेत मांडला आणि मतदान तिथंच झालं. अटींवर टीका जरूर करा, पण 'देश ताब्यात गेला' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. ताबा कशाला म्हणतात ते बघायचं तर 1853 आणि 1860 चे तह शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्ही फार मोठे नाहीत, एका बैठकीत होतात.