रूट कॅनालमध्ये राहिलेला तुकडा : मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

दोन वर्षे दहा महिन्यांपूर्वी तुम्ही दाढेचे रूट कॅनाल करून घेतले. ठणका थांबला नाही. वीस महिन्यांपूर्वी दुसऱ्या दंतवैद्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाच्या आत फाइलचा, म्हणजे मूळ साफ करण्याच्या सुईसारख्या बारीक उपकरणाचा, तुटलेला तुकडा दिसला. पहिले डॉक्टर तेव्हापासून ‘या, बघू’ म्हणत आहेत आणि आता उरलेली फी भरल्याशिवाय कागदपत्रे देत नाहीत. अशा बहुतेक पत्रांप्रमाणे तुम्हीही भरपाई किती मिळेल, एवढेच विचारले आहे. तक्रार मुदतीत बसते का, हे विचारलेले नाही, आणि सगळे प्रकरण त्यावरच अवलंबून आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. हे कारण उपचाराच्या दिवशी घडले असे धरले, तर मुदत दहा महिन्यांपूर्वीच संपली. एक्स-रेच्या दिवशी घडले असे धरले, तर चार महिने शिल्लक आहेत. इजा रुग्णाला दिसण्यासारखी नसेल, तर वाजवी दक्षता घेऊन ती ज्या दिवशी कळते किंवा कळायला हवी होती, त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. त्याच प्रकरणात मात्र शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉजचा (जाळीदार कापडाचा) बोळा नऊ वर्षांनी सापडूनही तक्रार फेटाळली गेली, कारण रुग्णाने इतकी वर्षे दुखणे सहन केले आणि त्या डॉक्टरांकडे ती परत गेली नाही.

म्हणून उपचार आणि एक्स-रे यांमधल्या चौदा महिन्यांत दाढ दुखते हे तुम्ही पहिल्या डॉक्टरांना केव्हा केव्हा कळवले, याचा पुरावा हवा. ‘बघू’ या उत्तराने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. तुम्ही गप्प बसला नव्हता, एवढे दाखवण्यापुरतेच डॉक्टरांशी झालेले संदेश उपयोगी आहेत. एक्स-रेचा तुम्ही पाठवलेला फोटो तर मोबाइलवर काढलेला आहे आणि त्यात ना नाव दिसते, ना तारीख. इतक्या महत्त्वाच्या कागदाची अशी हेळसांड व्हायला नको होती. दुसऱ्या दंतवैद्यांकडून मूळ प्रत आणि तारखेसह लेखी अहवाल घ्या.

पहिल्या दवाखान्याकडे केस पेपर, उपचारापूर्वीचे व नंतरचे एक्स-रे आणि संमतीपत्र यांची मागणी याच आठवड्यात पोचपावतीसह लेखी करा. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. पण ती जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षांचेच आहे आणि तुमच्या बाबतीत ती तीन वर्षे दोन महिन्यांत पूर्ण होतील. थकीत फी हे कागद अडवून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रतींचा खर्च मात्र तुम्ही द्यायचा. फी अंशतः दिलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ग्राहकच आहात. बाकी भरायची झाल्यास तक्रारीचा हक्क राखून भरत आहोत, असे लिहून द्या आणि ‘काही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली सही करू नका.

निष्काळजीपणा सिद्ध होईल का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. वाकड्या मुळात बारीक फाइल निष्णात हातांतूनही तुटू शकते, त्यामुळे ती तुटणे हाच दोष ठरेलच असे नाही. ती तुटल्याचे तुम्हाला सांगितले का, केस पेपरवर नोंदवले का, पुढचे उपाय सुचवले का, हे डॉक्टरांचे कर्तव्य होते आणि तुमची बाजू तिथेच बळकट दिसते. कॅप बसवण्याच्या दोन भेटी तुम्ही चुकवल्या, हे त्यांचे वकील नक्की मांडतील. बोलावलेल्या दिवशी जाणे आणि दिलेल्या सूचना पाळणे ही रुग्णाचीही जबाबदारी असते, त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते. ही गोष्ट कारणासह तक्रारीत तुम्ही स्वतःच सांगा.

ग्राहक आयोगासमोरची प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे खरे आणि संतापजनक आहे, पण तो उशीर तुमच्या हाती नाही. शेवटच्या तारखेची वाट न पाहता पुढील महिन्याभरात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा आणि मुदत उपचाराच्या दिवसापासून धरली गेलीच, तर विलंब माफ व्हावा यासाठी कलम ६९ खालीच वेगळा अर्ज, सबळ कारणांसह, सोबत जोडा.