जुनी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवायची आहे, माप कसं घ्यावं?

जुन्या चौकटीचं नाही, भिंतीतल्या मोकळ्या जागेचं माप घ्या. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. म्हणजे प्रत्येक बाजूला सिलिकॉनसाठी ५ मिमी फट राहते. दोन्ही कर्णही मोजा; ते सारखे नसतील तर जागा काटकोनात नाही. फ्रेम तिरकी आवळली गेली की शटर अडकतं, लॉक जुळत नाही (आणि बिचाऱ्या रोलरला बोल लागतो). म्हणून प्रत्येक स्क्रूमागे पॅकिंग (फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट भरणारा तुकडा) हवंच. खालच्या ट्रॅकला शक्यतो भोक पाडू देऊ नका, पाणी तिथूनच झिरपतं. ट्रॅकची निचऱ्याची भोकं बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. कारागीर घाईत तीही सिलिकॉनने बुजवतात. मग पावसात ट्रॅक भरून पाणी घरात उतरतं. काम आटोपण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा.