खपलीवरून मलम लावून उपयोग होत नाही

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत माझा सहा वर्षांचा मुलगा आमच्यासोबत वावरात असतो. आठवड्यापासून त्याच्या नाकाखाली व हनुवटीवर फोड आले असून ते फुटून पिवळ्या खपल्या धरल्या आहेत. उपकेंद्रातून मिळालेले तपकिरी मलम चार दिवस लावले, पण फरक नाही. सासूबाई कडुलिंबाच्या पाण्याने धुवायला सांगतात, तर शेजारी मेडिकलमधून ट्यूब आणा म्हणतात. काय करावे?
— एक वाचक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, वर्णनावरून हा ‘इम्पेटिगो’, म्हणजे स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे त्वचेच्या वरच्या थरात होणारा संसर्ग वाटतो. वाळलेल्या बोंडाच्या टोकाने उठलेला बारीक ओरखडाही जंतूंना शिरायला पुरतो. तुमचे मलम बहुधा पोव्हिडोन आयोडीनचे असावे. आयोडीन जंतूंना मारते खरे, परंतु पू, रक्त आणि खपली यांतच त्याची ताकद खर्ची पडते व खालच्या जंतूंपर्यंत ते फारसे पोहोचत नाही. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड भिजवून ते दहा मिनिटे खपलीवर ठेवावे, मऊ झालेली खपली जोर न लावता पुसून घ्यावी, जागा टिपून कोरडी करावी आणि मगच मलम लावावे. सासूबाईंचा धुण्याचा आग्रह रास्त आहे. मात्र गुण कडुलिंबापेक्षा धुण्याचा अधिक.

उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२० साली मोजक्या फोडांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक सुचवले, पण ते १ टक्क्याचे क्रीम होते. बाटलीतले फेसाळणारे द्रावण त्याहून तीव्र असते आणि भरून येणाऱ्या कातडीलाही इजा करते, तेव्हा ते ओतू नये.

ट्यूब मात्र कुणाच्या सांगण्यावरून आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासोलसारखे स्टिरॉइड असते, त्याने लाली उतरते आणि संसर्ग दबून पसरतो. म्यूपिरोसिन या प्रतिजैविकाचे २ टक्क्यांचे मलम या आजारात आयोडीनसारख्या जंतुनाशकापेक्षा भरवशाचे आहे, पण ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, सांगितलेले दिवस पूर्ण लावायचे असते. चार दिवसांत फरक नसल्याने मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवाच. ताप आला, डोळ्याभोवती सूज आली किंवा फोड झपाट्याने पसरले तर त्याच दिवशी न्या. तोवर त्याचा दुपट्टा वेगळा ठेवा आणि नखे कापा. फोड बरे झाल्यावरही काही आठवडे लक्ष असू द्या, कारण स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच तपासणी करून घ्या.