वडिलांच्या नॅसमधील फोल्डर पुन्हा कसे उघडावे?

प्रश्न : माझे वडील वास्तुविशारद होते, फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. घरातील कार्यालयात त्यांचे सिनॉलॉजी कंपनीचे दोन हार्डडिस्कचे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवण्याची पेटी) आहे, त्यावर त्यांच्या कामाचे नकाशे आणि घरचे सगळे फोटो आहेत. त्यांच्या जुन्या संगणकावर 'कामे' आणि 'फोटो' ही फोल्डर अजून उघडतात, 'खासगी' नावाचा शॉर्टकट मात्र उघडत नाही. माझ्या लॅपटॉपवर पासवर्ड मागितला जातो आणि तो कोठेही लिहिलेला सापडला नाही. ओळखीच्या एका दुरुस्तीकाराने डिस्क काढून संगणकाला लावू, असे सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून डिस्क इतक्यात काढू देऊ नका. नॅसमधील डिस्कवरची मांडणी लिनक्सच्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही आणि डिस्क जोडताच ती फॉरमॅट करण्याविषयी विचारणा होते. त्या चौकटीत घाईने 'हो' म्हटले गेले, की वडिलांचे सारे काम धोक्यात आले.

जुना संगणक हीच आज आपल्या हातातली किल्ली आहे. त्यात वडिलांचे नाव व पासवर्ड साठवलेले असल्यामुळेच फोल्डर उघडत असणार, म्हणून त्यावर विंडोज नव्याने घालू नका आणि तो कोणाला देऊनही टाकू नका. आधी एक एक्स्टर्नल हार्डडिस्क आणून दोन्ही फोल्डर तिच्यावर उतरवा, आणि मूळ फोल्डर व प्रत या दोहोंचे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळते का, ते पाहा. हे पूर्ण होईपर्यंत नॅस बंदही करू नका.

त्यानंतर त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तपासा. वडील नॅसचे व्यवस्थापन ब्राउझरमधून करत असतील, तर पासवर्ड तेथेच वाचायला मिळू शकतो आणि पुढचा खटाटोप वाचतो.

तो मिळाला नाही, तर नॅसच्या मागील बाजूस 'रीसेट' लिहिलेले बारीक छिद्र शोधा. नॅस चालू असताना टाचणीने आतले बटण सुमारे ४ सेकंद दाबून धरा आणि 'बीप' ऐकू येताच सोडून द्या. लगेच दुसऱ्यांदा दाबू नका, कारण त्यामुळे संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याची प्रक्रिया सुरू होते. एकदाच दाबल्याने फाइली पुसल्या जात नाहीत. फक्त 'अ‍ॅडमिन' खात्याचा पासवर्ड रिकामा होतो आणि नेटवर्कची मांडणी मूळपदावर येते. नॅसचा पत्ता बदलला, तर 'सिनॉलॉजी असिस्टंट' हा कंपनीचा प्रोग्राम तो शोधून देतो. 'अ‍ॅडमिन' नावाने आत जाऊन नवा पासवर्ड ठरवा, स्वतःचे वेगळे खाते उघडा आणि कंट्रोल पॅनेलमधील 'शेअर्ड फोल्डर' येथून त्या खात्याला प्रत्येक फोल्डरची वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्या. वडिलांचे खाते मात्र राहू द्या. त्यांचे 'होम' फोल्डर त्या खात्याशी जोडलेले असते.

एवढे करूनही लॅपटॉप अडला, तर त्याच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधील (विंडोज पासवर्ड साठवते ती जागा) नॅसची जुनी नोंद काढून टाका. कोणी 'एसएमबी १' ही नेटवर्कवरून फाइली उघडण्याची जुनी प्रणाली सुरू करण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नका. २०१७ मधील 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरसचा हल्ला त्याच प्रणालीतील त्रुटीतून पसरला होता.

'खासगी'ची गोष्ट वेगळी असू शकते. केवळ परवानगी नसेल, तर वरील उपायाने ते उघडेल. परंतु व्यवस्थापनाच्या यादीत त्याच्यापुढे कुलपाचे चिन्ह दिसले, तर ते एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेले आहे. असे फोल्डर, आपोआप उघडण्याची सोय केलेली नसेल तर, लाइट जाऊन नॅस पुन्हा सुरू झाले की बंदच राहते आणि नेटवर्कवर दिसेनासे होते. शॉर्टकट न उघडण्याचे कारण तेच असू शकेल. 'कामे' किंवा 'फोटो' तसे असेल, तर रीसेटनंतर तेही बंद होईल, म्हणूनच आधी प्रत काढायला सांगितले. एन्क्रिप्शन करताना 'की' म्हणून एक छोटी फाइल संगणकावर उतरवली जाते. तिच्या नावात फोल्डरचे नाव आणि शेवटी 'डॉट की' असते. जुन्या संगणकाचे 'डाउनलोड्स', वडिलांचे पेन ड्राइव्ह आणि ईमेल शांतपणे धुंडाळा, आणि ती सापडली तरी 'खासगी' उघडण्यापूर्वी आईला आणि भावंडांना अवश्य विचारा.

ती फाइल किंवा एन्क्रिप्शन करताना ठेवलेला पासवर्ड नसेल, तर कोणताही दुरुस्तीकार ते फोल्डर उघडू शकणार नाही, मग तो कितीही पैसे मागो. तरीही ते पुसू नका. वडिलांच्या एखाद्या डायरीत ती किल्ली वर्षभरानेही सापडू शकते.